मास्तरांची चार मिनिटं

संशय घेणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नावं ठेवायला नको. एकतीस वर्षं मी वजनंमापं तपासते. दुकानात शिरायचं, पेटीतली प्रमाणित वजनं काढायची, काट्यावर ठेवायची आणि दुकानदाराच्या तोंडाकडे बघायचं. काटा काय ते नंतर सांगतो, तोंड आधीच सांगतं. तराजूच्या तळाला चुंबक चिकटवलेले पाहिलेत मी. पारड्याला दोरा बांधून तो गुडघ्याने ओढणारा मासेवाला पाहिलाय, आणि पकडल्यावर "बाई, गुडघेदुखी आहे हो" म्हणून गळा काढतानाही पाहिलाय. आमचे हे म्हणतात, "तू स्वर्गात गेलीस तरी आधी दाराच्या बिजागऱ्या हलवून बघशील." बघेनच. दार निखळून कुणाच्या डोक्यात पडलं तर?

अशा बाईचा जीव एका रॉक बँडवर जडला, याचं घरात सगळ्यांना हसू येतं. तेही साधं रॉक नव्हे, प्रोग्रेसिव्ह. म्हणजे गाणं तीन मिनिटांत संपेल अशा आशेने आलेल्याने सरळ घरी जावं. ठेका कधी सात मात्रांचा, कधी तेराचा. पाय आपटायला गेलात तर पाय हवेत आणि ठेका पुढे. बँडमध्ये चौघंजण. गायिका, ड्रमर, बासवाला आणि मास्तर. मास्तर ऑर्गन आणि कीबोर्ड वाजवतात. तरुणपणी ते शाळेत गणित शिकवायचे म्हणून मास्तर, आणि आता अडुसष्टाव्या वर्षीही मास्तरच. त्यांची सगळ्यात मोठी रचना 'धरण'. सुरुवातीला पाणी नुसतं साठत राहतं. बाराव्या मिनिटाला गायिका मागे सरते, ड्रम आणि बास दबक्या आवाजात चालू राहतात, आणि मास्तर एकटे चार मिनिटं वाजवतात. धरणाचे दरवाजे उघडतात ते तिथे. त्या चार मिनिटांसाठी मी चौतीस वर्षांत त्रेसष्ट प्रयोगांना गेले आहे. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात गेले, पोटुशी असताना गेले, सासूबाईंचं ऑपरेशन असतानाही गेले, आणि त्याबद्दल अजून ऐकून घेते.

प्रत्येक प्रयोग मी ध्वनिमुद्रित केलाय. कोटाच्या आतल्या खिशात छोटा रेकॉर्डर, सातवी रांग, कडेची खुर्ची. बँडची हरकत नाही. आम्ही दहाबारा जुने चाहते आहोत, एक दातांचा डॉक्टर आमचा स्वयंघोषित पुढारी आहे, आणि प्रयोग संपला की आम्ही बाहेरच्या पायऱ्यांवर उभं राहून कीस काढतो. आज 'धरण' चोवीस मिनिटं झालं. त्या वर्षी बासची तार तुटली तेव्हा सव्वीस झालं होतं. मास्तरांनी आज उजव्या हाताची करामत लांबवली. घरच्यांना यात काय गंमत आहे ते कळत नाही. मला मात्र लोक तेच तेच गाणं दर वेळी तसंच्या तसं का ऐकतात, हेच कळत नाही.

गेल्या वर्षापासून मनात पाल चुकचुकायला लागली.

पहिल्यांदा लक्षात आली ती वेळ. लागोपाठ तीन प्रयोगांत 'धरण' बावीस मिनिटं सत्तेचाळीस सेकंद. तीन गावं, तीन सभागृहं, आणि सेकंदाचा फरक नाही. आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकवतात. खरा काटा थोडासा थरथरतो. वारा लागतो, टेबल हलतं, माणूस श्वास सोडतो. जो काटा कधी हलतच नाही, त्याला खालून कुणीतरी धरलेलं असतं. मी दातांच्या डॉक्टरला म्हटलं, "सत्तेचाळीस, सत्तेचाळीस, सत्तेचाळीस. पाणी कुठेतरी मुरतंय." तो म्हणाला, "अहो, ड्रमर आता कानात इअरफोन घालून यंत्राच्या ठोक्यांवर वाजवतो. वय झालं. सगळेच बँड तसं करतात. तुम्हाला काय, देव दिसला तरी पाय मोजाल." ठोक्यांचं एक वेळ मान्य. वेळ जुळली म्हणजे चोरी झाली असं होत नाही.

मग ती चूक आली. मास्तरांच्या चार मिनिटांत, तिसऱ्या मिनिटाच्या सुमाराला, डावा हात खाली उतरताना एक सूर अर्धी पायरी खाली पडतो आणि पटकन घसरून जागेवर येतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मास्तर चुकले! म्हणजे माणूस जिवंत आहे, हात जिवंत आहे, बाकीचं सगळं माझ्या मनाचे खेळ. पायऱ्यांवर मी चारचौघांत म्हटलंसुद्धा, "काय गोड चुकले हो आज." पुढच्या गावी तीच चूक. तिथेच. तशीच घसरून.

एका रविवारी सकाळी यांना बाजारात पाठवलं आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन रेकॉर्डर ठेवले. एका कानात एक प्रयोग, दुसऱ्या कानात दुसरा. दोन्ही एकाच क्षणी सुरू करणं हे काय सोपं काम नाही, बोटं दुखली. सहाव्या खेपेला जमलं. ड्रम दोन्ही कानांत वेगवेगळे ऐकू येत होते, जरा पुढेमागे. बासचं तेच. लोकांच्या खोकल्यांचं तर विचारूच नका. पण मास्तरांचा ऑर्गन सुरू झाला आणि तो आवाज दोन्ही कानांतून उठून सरळ माझ्या कपाळाच्या मधोमध येऊन बसला. तिथून हलेना. दोन नव्हतेच ते, एकच होता. चूकही एकच. यांनी येऊन पिशव्या ठेवल्या, "काय झालं? तोंड का असं?" म्हणाले. मी म्हटलं, "काही नाही. दूध नासलं." दूध चांगलं होतं.

म्हणजे मास्तर वाजवत नव्हते. चार मिनिटं आम्हाला डबाबंद माल विकला जात होता, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. संतापाने माझी कानशिलं गरम झाली. चौतीस वर्षं! सासूबाईंचं ऑपरेशन! पण डबा कुठला? छापील अल्बममधला नक्कीच नव्हता, तो मला झोपेतही पाठ आहे. त्यात चूक नाही. म्हणून मी कपाट उघडलं आणि एकेक जुना प्रयोग लावत मागे मागे गेले. आठवडा लागला. ऑफिसातून यायचं, कानांवर हेडफोन चढवून बसायचं. नऊ वर्षांपूर्वीचा, आता पाडून टाकलेल्या जुन्या नाट्यगृहातला प्रयोग. डावा हात उतरला, सूर पडला, घसरला, जागेवर आला. सापडली.

आणि सापडल्याबरोबर मी कानांवरचं काढून टेबलावर ठेवलं. कारण माझ्या खिशातल्या मुद्रणात माझ्या शेजाऱ्याची शिंक आहे, ती आता सभागृहात वाजणाऱ्या ऑर्गनमध्ये नव्हती. म्हणजे त्यांनी वापरलेला आवाज सरळ ध्वनियंत्रणेच्या टेबलावरून घेतलेला होता, स्वच्छ. आणि नऊ वर्षांपूर्वी त्या टेबलावर एकच माणूस बसत होता. आजही तोच बसतो. माझा धाकटा भाऊ.

लहानपणी त्याचे कान सुपाएवढे, म्हणून सगळे त्याला सुप्या म्हणायचे. चौदा वर्षांचा असताना मीच त्याला पहिल्यांदा या बँडच्या प्रयोगाला नेलं. सगळे मंचाकडे बघत होते, हा पठ्ठ्या मात्र वळून मागे, ध्वनियंत्रणेवाल्याच्या बटणांकडे बघत बसला. पुढे तेच शिकला, आणि गेली सव्वीस वर्षं या बँडचा आवाज तोच सांभाळतो. मास्तरांचा तर मुलासारखाच. सुप्या आयुष्यात माझ्याशी एकदाच खोटं बोललाय असं मी समजत होते, तेही एका फुटलेल्या बरणीबद्दल. काखेत कळसा आणि गावाला वळसा! चोर शोधत मी त्रेसष्ट प्रयोग पालथे घातले, आणि चोर दर रविवारी माझ्या घरी जेवायला येत होता.

पुढचा प्रयोग आमच्याच गावी होता. त्या दिवशी मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून दुपारीच सभागृहावर गेले. रिकामं सभागृह फार बेरकी दिसतं. खुर्च्या दुमडलेल्या, जमिनीवर पसरलेल्या वायरींवर चिकटपट्ट्या, आणि मंचावर एक माणूस "हॅलो, हॅलो" करत फिरणारा. सुप्या मागच्या बाजूला त्याच्या टेबलापाशी होता. मला बघून हसला. मी हसले नाही.

"सुप्या, मास्तरांच्या चार मिनिटांत काय लावतोस?"

"काय लावतो म्हणजे?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. मासेवाल्याचं तोंड होतं ते, गुडघेदुखीच्या आधीचं. "जुन्या नाट्यगृहातला प्रयोग," मी म्हटलं. "डाव्या हाताची चूक. सहा गावांत तीच चूक. आता बोल."

तो खुर्चीत बसला. बराच वेळ एक बटण उगाचच पुसत राहिला. मग म्हणाला, "मला माहीत होतं. कुणी पकडलं तर तूच पकडशील."

"मग केलंस कशाला?"

"ताई, आवाज हळू. मंचावर ऐकू जातं."

मग त्याने सांगितलं. मास्तरांना मधुमेह. गेल्या दोन वर्षांत बोटांची जाणीवच जात चालली आहे. कोणती पट्टी दाबली ते बोटाला कळत नाही. बाकीच्या रचनांत काम सावकाश आहे, बघून बघून निभावतात. पण ती चार मिनिटं बोटांच्या भरवशावरच आहेत, तिथे बघायला वेळच नाही. मागच्या वर्षी एका गावी, जिथे मी गेले नव्हते, ती चार मिनिटं पार कोसळली. एकेका बोटाखाली दोन दोन पट्ट्या. "आणि तुम्ही चाहत्यांनी काय केलंत माहितीये? टाळ्या. दातांचा डॉक्टर बाहेर सांगत होता, मास्तर नव्या वाटेने चाललेत. मास्तर गाडीत बसून होते. मला म्हणाले, 'सुप्या, पुढच्या वेळी मी नसेन.' आणि मास्तर नाहीत तर काय उरतं गं? म्हणून मी पुढच्या गावी एकदाच, फक्त एकदाच, त्यांचा आवाज बंद केला आणि जुना लावला. सभागृहात आणि त्यांच्या कानातल्या इअरफोनमध्येही."

"म्हणजे त्यांना..."

"माहीत नाही. बाकी तिघांना माहीत आहे. त्यांना नाही. बोटं पट्ट्यांवर फिरतात, कानात बरोबर ऐकू येतं. खाली उतरल्यावर मला मिठी मारली. म्हणाले, 'आलं रे परत.' आता सांग, दुसऱ्या वेळी मी कसं बंद करणार होतो?"

मला रागही येत होता आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आलं की माझ्या तोंडून भलतंच निघतं. मी म्हटलं, "निदान ती चूक तरी काढायचीस, मूर्खा. तुला एवढंही येत नाही?"

"मुद्दाम ठेवली. सगळं बिनचूक झालं असतं तर तुम्हा मंडळींना लगेच संशय आला असता. तुम्ही लोक चुका ऐकायलाच येता. वाटलं, चूक ऐकून तू खूष होशील."

"झालेच होते रे," मी म्हटलं.

"ताई, त्यांना सांगू नकोस. हे थांबलं की ते थांबतील. घरात दुसरं कुणी नाही त्यांना. माझी शपथ आहे."

"बघू," मी म्हटलं. शपथा मी घेत नाही. सुप्याला ते ठाऊक आहे, म्हणून त्याचं तोंड तसंच राहिलं.

पाणी प्यावं म्हणून मी मंचामागच्या बोळात गेले. तिथे एका बाकावर मास्तर बसले होते, बाजूला चहाची किटली. इतक्या जवळून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कॉलर जराशी विरलेली, केस स्वतःच कापल्यासारखे. हातात बिनकानाचा स्टीलचा पेला, काठोकाठ वाफाळता. मी तोच पेला उचलायला गेले असते तर कळवळून खाली टाकला असता. ते सगळा तळवा लावून धरून बसले होते, निवांत.

"तुम्ही सुप्याच्या ताई," ते म्हणाले. "सातवी रांग. वजनंमापं."

"हो," मी म्हटलं. चौतीस वर्षांत मी त्यांना काय काय सांगायचं ठरवलं होतं, आणि निघालं काय तर 'हो'.

"बसा ना." त्यांनी सरकून जागा केली. "एक विचारू? सुप्या सांगतो, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. कौतुकाने नाही सांगत, तक्रार करतो. लहानपणी म्हणे वडिलांनी विचारलं आणि तुम्ही त्याचं सगळं ओकून टाकायचात."

"सवय आहे हो वाईट."

"मला सध्या अशाच माणसाची गरज आहे." ते पेल्याकडे बघत होते. "माझी बोटं मुकी झाली आहेत. पट्टीवर आहेत की पट्टीच्या बाहेर, मला कळत नाही. घरी वाजवतो तेव्हा नुसता गोंधळ होतो, शेजारची पोरं कानावर हात ठेवतात. पण मंचावर 'धरण' वाजवतो तेव्हा कानात सगळं स्वच्छ. पहिल्यांदा वाटलं, देवाची कृपा. दुसऱ्यांदा वाटलं, लोकांसमोर अंगात येतं माणसाच्या. मी गणित शिकवलेला माणूस आहे, बाई. सहाव्यांदाही तेच उत्तर आलं की मी पोराची वही बघायचो, शेजारच्याची उघडी आहे का म्हणून." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सुप्याला विचारलं तर तो रडेल. बाकीचे पाठीवर थाप मारतील. म्हणून तुम्हाला विचारतो. ती चार मिनिटं मी वाजवतो का?"

बोळाच्या टोकाला सुप्या उभा आहे की काय म्हणून मी वळून पाहिलं. कुणी नव्हतं. मी म्हटलं, "आज माझ्याजवळ पेटी नाही हो, वजनं ऑफिसात राहिली." असला पांचट विनोद मी आयुष्यात कधी केला नव्हता. ते हसले नाहीत, वाट बघत राहिले. एक 'हो' म्हटलं असतं की काम झालं असतं. सुप्याचं, त्यांचं आणि खरं सांगायचं तर माझंही, कारण मास्तर थांबले की माझ्या चार मिनिटांनाही कायमचं कुलूप. चांगलं तोंडापर्यंत आलं होतं. पण ज्या माणसाने स्वतःहून काटा तपासायला पुढे केला, त्याला कसं फसवायचं? ते मला शिकवलेलंच नाही.

"नाही," मी म्हटलं. "म्हणजे तुमचंच आहे. नऊ वर्षांपूर्वीचं. जुन्या नाट्यगृहातलं."

त्यांनी पेल्यातला एक घोट घेतला. मंचावरून ड्रम तपासल्याचे ठोके येत होते. मला वाटलं, आता उठतील आणि ओरडतील. मी शिव्या खायच्या तयारीत होते, तेवढी लायकी होती माझी.

"ती डाव्या हाताची चूक," ते शेवटी म्हणाले, "तीही तेव्हाचीच?"

"तेव्हाचीच. सुप्याने मुद्दाम ठेवली. खरं वाटावं म्हणून."

आणि ते हसले. खरंच हसले, खांदे हलवून. "पोरगं हुशार आहे," म्हणाले. "त्याच्यावर रागवू नका." मग पेला ठेवला, तळवा लालभडक झाला होता, आणि पँटला पुसत उठले. "मी विचारलं हे त्याला आज सांगू नका. प्रयोग होऊ दे."

आता मी कुणाला काय सांगायचं नाही, याची यादीच करावी लागणार होती. भावाने सांगितलं त्यांना सांगू नकोस, त्यांनी सांगितलं भावाला सांगू नका. आणि हे सगळं जिच्या तोंडात तीळ भिजत नाही अशा बाईला.

संध्याकाळी सात वाजता सभागृह भरलं. मी सातव्या रांगेत बसले नाही. माझ्या खुर्चीवर पर्स ठेवून मी मागे जाऊन सुप्याच्या शेजारी उभी राहिले. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. रेकॉर्डर पर्समध्येच होता, बंद. मास्तर मंचावर आले, नेहमीसारखं लोकांकडे न बघता बसले, बाह्या वर सरकवल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, पण इतक्या लांबून काही वाचता येईना. मला वाटलं, म्हातारा शहाणा आहे, चालवून घेईल. मग वाटलं, बोळात हसला तो मला बरं वाटावं म्हणून. सगळ्यांवर संशय घेऊन झाल्यावर शेवटी स्वतःवर आले. मी खरं सांगितलं ते त्यांच्यासाठी, की मला पचवता येत नव्हतं म्हणून? अजून ठरलेलं नाही.

'धरण' सुरू झालं. पाणी साठत गेलं. बाराव्या मिनिटाला गायिका मागे सरली, सुप्याने आवाज कमीजास्त करणारा एक सरकता खटका खाली ओढला, दुसरा वर सारला, आणि तो स्वच्छ जुना ऑर्गन सभागृहात पसरला. मास्तरांचे हात पट्ट्यांवर फिरत होते. पंधरा सेकंद, वीस सेकंद. मग त्यांनी दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

ऑर्गन वाजतच राहिला.

माणूस मांडीवर हात ठेवून बसलाय आणि त्याचं वाजवणं मात्र धावतंय, उतरतंय, चढतंय. आधी कुणाला काही उमगलंच नाही. मग पुढून दातांच्या डॉक्टरचा आवाज आला, "वा! काय कल्पना आहे!" आणि आठदहा जणांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या माणसाचे सगळे दात एकेक करून उपटावेसे वाटले. मास्तरांनी कानातले इअरफोन काढून बाजूला ठेवले आणि सभागृहावरून सरळ मागे, सुप्याकडे पाहिलं. रागाने नाही. आपला थांबा आला की ड्रायव्हरला खूण करतात, तसा हात वर केला. बस्स, इथेच.

टाळ्या विरत गेल्या. लोकांना आता कळायला लागलं होतं.

सुप्याचं बोट खटक्यावर तसंच होतं. "ताई," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू सांगितलंस."

"त्यांनी विचारलं."

"तू सांगितलंस."

"बंद कर, सुप्या. ते मागतायत."

"नाही करणार मी." त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. मंचावर हात अजून वर होता. ड्रमरने मागे वळून पाहिलं, बासवाल्याने पाहिलं. ठेका कुणी सोडला नाही, तेवढं त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. शेवटी सुप्याने तो खटका खाली आणला. चांगला ध्वनियंत्रणेवाला आवाज एकदम तोडत नाही, हळूहळू खाली आणतो. नऊ वर्षांपूर्वीचे मास्तर बारीक होत होत नाहीसे झाले.

मग मास्तरांनी हात पट्ट्यांवर ठेवले आणि वाजवायला लागले.

मी खोटं सांगणार नाही. काही चमत्कार झाला नाही. दोन दोन पट्ट्या एकदम दाबल्या जात होत्या. मधेच हात चाचपडत थांबायचा, चष्म्यातून खाली बघून जागा शोधायचा, तोवर ठेका दोनदा फिरून जायचा. मागून कुणीतरी "पुरे!" म्हणून ओरडलं. उजवीकडच्या रांगेतून दोघं उठून गेले. ड्रमरनेही इअरफोन काढले आणि मास्तरांकडे बघून बघून सावकाश वाजवायला लागला, लहान मुलाला जिना उतरवतात तसं. मला ते सहन होईना. मी सुप्याला म्हटलं, "आवाज जरा कमी कर त्यांचा. निदान ड्रम वर घे. लोकांना इतकं ऐकू नको."

सुप्याने मास्तरांचा खटका पूर्ण वर सारला. टोकापर्यंत. प्रत्येक चुकलेली पट्टी सभागृहाच्या भिंतींवर आदळायला लागली.

"खरं हवं होतं ना?" तो म्हणाला. "ऐक आता."

त्यानंतर मास्तरांनी कुठेच वाजवलं नाही, आणि सुप्या रविवारी जेवायला यायचा थांबला. पण त्या क्षणी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. एवढंच कळत होतं, की चौतीस वर्षांत पहिल्यांदा मला त्या चार मिनिटांतून उठून बाहेर पळून जावंसं वाटतंय, आणि माझा भाऊ माझं मनगट घट्ट धरून उभा आहे.